चार नंबरचं दार

मोबाइल उलटा ठेव. हां. आणि ते रजिस्टर मिट आधी. मघापासून बघतोय, उद्या तुमच्याकडे ऑडिट म्हणून न वाचता सह्या ठोकत सुटलायस. म्हणूनच सांगतोय, नाहीतर ही गोष्ट मी रात्रीची काढत नाही. ऐकीव नाही ही. माझ्या साडूच्या धाकट्या भावाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्याने ती मला एकदाच सांगितली.

तो एका शीतगृहात कारकून होता. सोमवार, सतरा तारीख. संध्याकाळी तो पेनं घ्यायला दुकानात गेला. एक गडद निळं, एक फिकं निळं, एक काळं. दुकानदार म्हणाला, “एकदम तीन? परीक्षा आहे का?” हा म्हणाला, “उद्या आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सरकारी सुरक्षा ऑडिट होतं, आणि मागच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने केल्या असत्या तर आंधळ्यालाही कळलं असतं.

आता ते दार समजून घे. चार नंबरच्या खोलीत गोठवलेले वाटाणे ठेवायचे, उणे अठरावर. दार वीतभर जाड. बंद झालं की बाहेरून खटका पडतो. आतला माणूस अडकू नये म्हणून आतल्या बाजूला ढकलायचा एक दांडा असतो, आणि तो दर शनिवारी तपासायचा असतो. एकाने आत जायचं, दार लावून घ्यायचं, दांडा ढकलून बाहेर यायचं. नाही उघडलं तर तीनदा ठोकायचं, बाहेरच्याने उघडायचं. मग दोघांनी रजिस्टरवर सह्या करायच्या. नियम सोन्यासारखा. पण उणे अठरात कोण मरायला जातो? शनिवार यायचे, शनिवार जायचे, रजिस्टर कोरंच. दांडा गंजून बसला तरी कुणाला पत्ता नाही.

एका गुरुवारी रात्री तिथला हमाल आत अडकला. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तो आत शेवटची खोकी लावत होता आणि बाहेरून कुणीतरी दार लोटून घरी गेलं. सकाळी उघडलं तेव्हा तो दाराला टेकून बसलेला होता. त्याच्या हातांची काय गत झाली होती ते मी सांगणार नाही.

मालकाने लिहून टाकलं, दारू पिऊन आत झोपला. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस. त्याची बायको रोज फाटकाशी येऊन उभी राहायची. म्हणायची, “ते काही परत येत नाहीत, साहेब. पण तेवढा शब्द खोडा. माझ्या पोरीला शाळेत दारुड्याची पोर म्हणतात.” फाटक उघडायचं नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात असते ना, ती ही. मला आजही आठवलं की डोकं तापतं.

आणि पुढचा बेत ऐक. ऑडिट येतंय म्हटल्यावर मालकाने दार नवं बसवलं, त्यावर नवा दांडा, वर पिवळाधमक रंग. आणि कारकुनाला सांगितलं, पैलवान मेला त्याच्या आधीचे एकेचाळीस शनिवार भरून काढ. बाहेरचा माणूस म्हणून सही तुझी. आत गेलेला माणूस म्हणून सही पैलवानाची. म्हणजे दांडा त्यानेच दर आठवड्याला तपासला, दांडा चालत होता, तरी हा बाहेर आला नाही. मग दोष कुणाचा? त्याचाच. चोर तो चोर, वर शिरजोर.

पैलवानाची सही कारकुनाला हुबेहूब जमायची. कारकुनानेच ती शिकवली होती त्याला. “अंगठा काय लावतोस रे, सही कर,” असं म्हणत डबा खाता खाता गिरवून घेतली होती. आता तीच मेलेल्याच्या गळ्यात अडकवायची. नाही म्हणावं तर घरात खाणारी पाच तोंडं, कमावणारा हा एकटा. नाही म्हणाला नाही.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी तो चार नंबरसमोरच्या टेबलाशी बसला. राखणदार लांब फाटकावर. खोली रिकामी केलेली, पण यंत्र चालू, कारण सकाळी साहेबांना काटा उणे अठरावर दाखवायचा होता. बाहेर मात्र इतकं उकडत होतं की त्याने शर्टाची वरची बटणं सोडली.

पहिली सही केली.

ठक.

दारातून आला आवाज. थंडीने पत्रा आकसला असेल, असं तो मनाशी म्हणाला. दुसरी सही. ठक. तिसरी. ठक. पेन बदललं, चौथी केली. ठक.

त्याने पेन खाली ठेवलं. वाट पाहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही. मग शेजारच्या रकान्यात स्वतःची सही केली. काही नाही. पैलवानाची केली...

ठक.

तरी तो करत गेला. दहा, बारा, पंधरा. आता ठोका सही पुरी व्हायच्या आधीच यायला लागला, आणि दर वेळी जास्त जोराने. रागाने दार बडवतो ना माणूस, तसा. तेविसाव्या सहीला टेबल हादरलं.

त्याने मालकाला फोन लावला. “मालक, चार नंबरमध्ये कुणीतरी आहे.”

“उंदीर असेल.”

“उणे अठरात?”

“मग पाईप वाजत असेल. हे बघ, शेवटच्या शनिवारची सही नीट कर, तीच बघणार ते. आणि मला झोपू दे.”

कारकुनाच्या डोक्यात तिडीक गेली. मालकाचा राग आला, स्वतःच्या हाताचा आला, त्या सुबक सह्यांचा आला. फोन टेबलावर आपटून तो उठला. म्हणाला, एवढ्या खोट्यांत एक तरी खरी असू दे. नवा दांडा चालतो का, तेवढं तरी डोळ्यांनी बघतो.

खटका उचलून दार उघडलं. आत दिवा. पांढरी जमीन. कुणी नाही.

तो आत गेला. आणि नियमात लिहिलंय तसं दार लावून घेतलं.

खटका पडला.

दांडा ढकलला. हलला नाही. दोन्ही हातांनी ढकलला. खांदा लावला. मग वाकून पाहिलं...

चार स्क्रू. दांडा दारावर नुसता बसवला होता. खटक्यापर्यंत काही जातच नव्हतं. रंग फासलेलं सोंग. साहेबांनी बघायचं, मान डोलवायची, पुढे जायचं.

तो ओरडला. तिथून आवाज फाटकापर्यंत जात नाही. पैलवानाचाही गेला नव्हता.

तीनदा ठोकलं. थांबला. पुन्हा तीनदा. बटणं लावायला गेला, बोटं वळेनात. पुन्हा ठोकलं. मग पाय गेले. तो खाली बसला.

दाराला टेकून.

आणि आपण कसे बसलोय, ते त्याच्या लक्षात आलं.

“पैलवान...” तो म्हणाला. “चुकलो रे.”

...

पावलं वाजली नाहीत. काहीच वाजलं नाही.

मग खटका उचलला गेला.

दार बाहेर ओढलं गेलं आणि तो पाठीवर पडला, बाहेर, गरम फरशीवर. समोर टेबल. दिवा. उघडं रजिस्टर. माणूस नाही.

काय म्हणालास? वाऱ्याने उघडलं असेल? अरे, लोखंडी खटका वर उचलून मग ओढावं लागतं ते दार. जा, वाऱ्याकडून उघडून आण एखादं, मग बोल माझ्याशी.

राखणदार फाटकावर घोरत होता. कारकुनाने त्याला उठवलंही नाही. तो पुन्हा टेबलाशी बसला, तेवीसच्या तेवीस सह्यांवर काट मारली आणि खाली लिहिलं: हा दांडा कधीच कुणी तपासला नाही. या सह्या मी केल्या. पैलवान दारू पीत नव्हता. त्याखाली स्वतःची सही केली.

सकाळी दहाला तपासणीच्या बाई आल्या. मालक हसत पुढे झाला. कारकुनाने त्याच्या काखेखालून हात घालून रजिस्टर बाईंच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग दारापाशी जाऊन तो पिवळा दांडा ढकलला. काही झालं नाही. मालकाचं हसू तोंडावरच राहिलं.

पुढे तो शब्द खोडला गेला. पैलवानाच्या बायकोला तसा कागद मिळाला, तो तिने शाळेत नेऊन दाखवला. मालकावर खटला सुरू आहे. कारकुनाला मालकाने त्याच दिवशी काढलं, आता तो दुसरीकडे असतो.

पण त्या सकाळी कारकुनाने रात्रीचं सगळं सांगितल्यावर बाईंनी त्याला विचारलं होतं, “रात्री आत तुम्ही होतात. मग दार कुणी उघडलं?”

त्याने नुसतं दाराकडे बोट केलं.

बाहेरच्या खटक्यावर बर्फ होता. चार बोटं आणि अंगठा, घट्ट धरल्यासारखी. बाकी सगळा खटका हाताला गरम लागत होता. बाईंनी रुमालाने पुसून पाहिला, गेला नाही. मला साडूचा फोन आला म्हणून मी तिकडे गेलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि तो हात तिथे तसाच होता.