पुंजारामचं तिकडलं घर

पटलं तर घ्या, पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या पणजीची आहे. ती थापा मारत नसे. आमच्याकडे ते काम पुरुषांचं.

साल १९३६. निजामाचं राज्य. बदनापूरजवळचं आमचं गाव, पौष अमावस्येची दिवेलागण.

पणजी सुगंधाबाई म्हणजे पुंजारामची दुसरेपणाची बायको. पहिली बायनाबाई वारलेली. सवतीनं छळू नये म्हणून तिची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक पणजीनं लग्नापासून गळ्यात वागवला. नवरा गेल्यावर तो देव्हाऱ्यात ठेवला.

जाताना पुंजाराम म्हणाला होता, "सुगंधे, तिकडंबी तुझीच वाट पाहीन."

त्या दिवशी गावात रेशीम विकणारा चिनी फेरीवाला आल्ता. नाल्याकाठी नोटांसारखे कागद जाळत बसला होता.

"काय करून राह्यला रे भाऊ?" पणजीनं विचारलं.

"बाप मर गया. उसकू खर्चा भेजता."

पणजीला वाटलं, आपल्या माणसाला तिकडं विडीलाही पैसे नसतील! हातातले गोठ देऊन तिनं कागदांचा गठ्ठा घेतला.

दीर रखमाजी हसला. "वैनी, दादाला जित्तेपणी पैसा पुरला न्हाई. मंग आता पुरंल का?"

तिनं नवऱ्याचं नाव घेऊन थोडे जाळले.

राख उडाली नाही…

सरपटत देव्हाऱ्याकडे गेली.

सकाळी टाकातल्या बायनाबाईच्या नाकात नथ होती.

पुढच्या अमावस्येला पुन्हा जाळले. गळ्यात बोरमाळ आली. आणि देव्हाऱ्यातून… दबकं हसू.

ते नवऱ्याचं हसू पणजीनं बराबर ओळखलं. ते फक्त तिच्यासाठी होतं, असं तिला वाटायचं.

उरलेले सगळे कागद तिनं एकदम पेटवले. "मिळून राह्यलंय का? एवढंच सांगा."

रातकिडे थांबले… देव्हाऱ्यातून नवऱ्याचा आवाज आला.

"जल्दी पाठव. घर बांधून राह्यलोय."

"कुणासाठी?"

नुसत्या बांगड्या वाजल्या.

सकाळी टाकात बायनाबाईशेजारी पागोट्यातला पुरुष उभा होता.

पणजी पुन्हा कधी रडली नाही. नवऱ्याचं नावही घेतलं नाही.

आता तीही गेली. टाक आमच्याकडे आहे. परवा दिवाळीला घासताना पाहिलं, तर त्यात घर उठलंय. दार बंद…

बाहेर ओट्यावर एक बाई बसलीय. एकटी.

मी आईला म्हणालो, "पणजीला काही जाळून पाठवू का?"

आई देवाच्या भांड्यांना चिंच घासत राहिली. "पाठव की. पण ते तिलाच पोचंल, याचा काय भरवसा?"

काडेपेटी अजून माझ्या खिशातच आहे.