कोरसच्या आधीचा श्वास

“कुजबुजू नका. त्यानं घसा जास्त बिघडतो.”

जालन्याच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी कंपाउंडरला हळूच नंबर विचारत होते, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून हा आवाज आला. वळून पाहिलं. बाह्या दुमडलेला निळा शर्ट, हसरे डोळे... आणि पलीकडे कानावर हात ठेवून बसलेल्या त्याच्या दादी.

मी मोबाइलवर टाइप करून त्याच्यासमोर धरलं – ‘तुम्ही डॉक्टर आहात?’

“न्हाई, आमचं बियाण्यांचं दुकान आहे. पण जैन मंदिरात स्तवनं गातो. मी नमन.”

‘रेणुका. बदनापूर. रॅप करते.’

त्याच्या भुवया वर गेल्या. “मंग आवाज कुठं गेला?”

‘कोरसमध्ये.’

तो मोठ्यानं हसला. मलाही हसू आलं – खूप दिवसांनी.

कारण मी घाबरले होते. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मी रॅप लिहिला होता. मेंढ्यांमागं रानोरान फिरलेल्या माझ्या आईवर. शब्द झरझर जायचे, पण कोरस गायला लागले की घसा आवळायचा, सूर फाटायचा. मी आणखी जोर लावायचे. एका सकाळी आवाजच निघेना. गाठ झाली असली तर?

डॉक्टरांनी कॅमेऱ्यानं घसा पाहिला. “गाठबीठ काही नाही, सूज आहे. आठवडाभर बोलायचं नाही. आणि पुन्हा असं ओरडून गायचं नाही.”

बाहेर आले. दादींची तपासणी कधीच झाली होती, तरी नमन तिथंच होता. मी अंगठा दाखवला. त्यानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला – जणू घसा त्याचाच होता.

‘न ओरडता गायला शिकवतो’ असं नमननं तिथंच सांगितलं होतं; आवाज परतल्यावर त्यांच्या दुकानामागच्या खोलीत माझी शिकवणी सुरू झाली. नवं कानाचं यंत्र लावून दादी पहाऱ्याला.

“आधी ओठ सैल सोडून फुर्र करायचं,” नमन म्हणाला, आणि स्वतःच अडखळला.

मी केलं. लांबलचक, एका दमात.

“अगं, हे कुठं शिकलीस?”

“मेंढ्या हाकताना!”

दादी खदखदून हसल्या. नमनचे कान लाल झाले.

पोटातून श्वास, जबडा सैल, ट्रॅकचा सूर थोडा खाली – सगळं जमलं. पण कोरस आला की दम संपायचा.

“कोरसच्या आधीच्या ओळीतला एक शब्द काढ,” तो म्हणाला. “तिथं श्वास घे.”

“एकही शब्द काढणार न्हाई.”

“मंग घसा काढून ठेव!”

मी रुसले. त्यानं खडीसाखर पुढं केली... आणि आमची बोटं जरा जास्तच वेळ एकमेकांना लागून राहिली. शब्द काढला मी.

गॅदरिंग जवळ आलं तसा माझा धीर सुटला. “कोरस तूच गा ना. मी नुसता रॅप करते.”

“बिलकुल न्हाई.”

“का?”

तो स्पीकरची वायर उगाच गुंडाळत राहिला. माझ्यासोबत स्टेजवर यायची लाज वाटत असेल, असं समजून मी घरी निघून आले.

गॅदरिंगच्या दिवशी मी एकटीच स्टेजवर उभी राहिले. बीट सुरू झाला. शब्द धावले. कोरसच्या आधीची ओळ आली – मी थांबले, श्वास पोटापर्यंत जाऊ दिला... आणि कोरस निघाला. मोकळा, न फाटलेला. पहिल्या रांगेत आईनं पदर डोळ्यांना लावला. अंगावरून काहीतरी जड ओझं उतरल्यासारखं झालं.

स्टेजमागं नमन पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

“लाज वाटत होती ना माझ्यासोबत गायची?” मी विचारलं.

“लाज?” तो दचकला. “वेडी आहेस का? मी गायलो असतो तर... तुझ्याकडंच बघत राह्यलो असतो. ताल चुकला असता. तुझं गाणं बिघडवायचं नव्हतं मला, रेणुका.”

मला बोलताच येईना. ह्या वेळी मात्र घसा अगदी ठीक होता.

मी त्याच्या हातातली बाटली घेतली. हात सोडला नाही.

“पुढच्या गाण्यात कोरस तूच गायचा,” मी म्हणाले. “चुकू दे ताल. मी घेईन सांभाळून.”