गणोबा आईला उठूच देत नाही

मोडलेलं हाड जुळायला काय काय लागतं? विश्रांती, औषधं, दूध, नाचणीची आंबील, डिंकाचे लाडू आणि जीव लावणारी माणसं. कस्तुरीच्या आईला हे सगळं मिळालं होतं. लाडू तर इतके मिळाले होते की डबे रिकामे करून परत द्यायला सवड नव्हती. तरीही हाड जुळत नव्हतं. हेच कोडं घेऊन मायलेकी मिरजेच्या दवाखान्यात डॉ. नसीम मुजावर यांच्यासमोर बसल्या होत्या. सोबत त्यांचा गणोबाही होता.

गणोबा हा यंत्रमानव. तेव्हा मिरजेत बऱ्याच घरी असे हरकामे यंत्रमानव आले होते. कुणाचा पोळ्या लाटायचा, कुणाचा म्हातारबांना फिरवून आणायचा. आसपासची माणसं काय बोलतात, कशी वागतात ते बघून ते आपापल्या घराची रीत शिकत. निगुडकरांच्या घरात कस्तुरी आणि तिची आई अशा दोघीच. आई वृंदा निगुडकर शाळेत भूगोल शिकवायची. गेल्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा उगवले. सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मग एके दिवशी अंगणातल्या दोरीवरची चादर काढताना आईचा पाय घसरला. एवढंसं पडण्याचं निमित्त झालं आणि मांडीचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी हाडात एक सळई बसवली होती. तिच्यात एक संवेदक (दाब, ताण किंवा उष्णता ओळखून तशी खबर देणारा यंत्राचा बारीक तुकडा) होता. हाडावर किती वजन पडतं ते तो दवाखान्यात कळवायचा.

"वृंदाताई, तुम्ही तपासणीच्या खोलीत जा," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधीच सांगते. या महिन्यात हाड धरायला लागलं नाही, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल."

आईने नुसती मान हलवली. गणोबाने तिची चाकाची खुर्ची आत नेली. दार लागल्यावर कस्तुरी जागेवरच बसून राहिली. कितीतरी दिवस एक प्रश्न तिच्या जिभेवर होता आणि आईसमोर तो विचारायची तिची छाती होत नव्हती.

"डॉक्टर, तो आजार हाडात आलाय का?"

डॉ. मुजावर यांना उगाच गोड बोलायची सवय नव्हती. त्यांनी खुर्ची वळवली आणि तिच्याकडे सरळ पाहिलं.

"नाही. सळई घालतानाच हाडाचा कण काढून तपासला होता. त्यात कर्करोगाची एकही पेशी नाही. विचारलंस ते बरं केलंस. किती दिवस मनात ठेवलं होतंस?"

कस्तुरीला रडू फुटलं. डॉक्टरांनी रुमाल दिला आणि ती गप्प होईपर्यंत शांतपणे वाट पाहिली.

"मग आईचं हाड मोडलं कशानं?" तिने नाक पुसत विचारलं.

"ये, हाड आतून दाखवते."

त्यांनी तिच्या डोळ्यांवर एक चष्मा चढवला. क्षणभर अंधार झाला, आणि मग कस्तुरी एका प्रचंड जाळीदार गुहेत उभी होती. चहूकडे पांढरे खांब, कमानी, आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या रक्ताच्या लाल वाटा.

"हे हाड?" ती ओरडलीच. "मला वाटायचं, हाड दगडासारखं असतं!"

"बऱ्याच जणांना वाटतं. पण हाड जिवंत असतं. तो खांब बघ."

खांबाला एक मोठी गुबगुबीत पेशी चिकटली होती आणि खांब हळूहळू विरघळवत होती. तिच्या मागे लहान पेशींची रांग आली आणि खड्ड्यात नवा थर चढवू लागली.

"ती मोठी म्हणजे अस्थिभक्षक पेशी (जुनं हाड खाणारी). मागच्या लहान त्या अस्थिजनक (नवं हाड घडवणाऱ्या). आपल्या सगळ्यांच्या हाडात हे काम जन्मभर चालतं. पाडायचं आणि बांधायचं. दोन्ही सारखं चाललं की हाड धडधाकट राहतं."

"आणि आईच्या हाडात?"

"आपल्या रक्तात संप्रेरकं असतात (एका अवयवाकडून दुसऱ्याकडे निरोप नेणारी रसायनं). त्यातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक या खाणाऱ्या पेशींना आवर घालतं. पण तुझ्या आईला ज्या प्रकारचा कर्करोग झाला, तो याच इस्ट्रोजेनवर पोसतो. म्हणून तो परत येऊ नये यासाठी रोजची एक गोळी दिलीय, ती इस्ट्रोजेन जवळजवळ नाहीसं करते."

समोरचा लाल प्रवाह फिकट झाला. कस्तुरीच्या डोळ्यांदेखत खाणाऱ्या पेशी वाढल्या. मागच्या पेशी बांधत होत्याच, पण त्यांना गाठता येईना. खांब बारीक झाले, काही मधेच तुटले.

"म्हणजे गोळीने आईला वाचवलं, आणि गोळीनेच हाड विरळ केलं?"

"बरोबर. म्हणून गोळी सोडायची नाही, हाडाकडे जास्त लक्ष द्यायचं. खाणाऱ्यांना आवरणारं औषध मी सुरू केलंय. कॅल्शियम आहे, ड जीवनसत्त्व आहे. एवढ्यावर हाड जुळायला हवं होतं. ते का जुळत नाही, हेच मला कळत नव्हतं. आज सकाळी संवेदकाने पाठवलेलं सगळं एकत्र बघितलं, आणि—"

त्यांनी चष्मा काढून घेतला. तेवढ्यात गणोबा आईला घेऊन परत आला.

"वृंदाताई," डॉक्टरांनी विचारलं, "मी रोज वॉकर धरून उभं राहायला आणि चार पावलं टाकायला सांगितलं होतं. टाकता?"

"टाकते की. थोडी थोडी," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

"सळई म्हणते, हाडावर वजनच पडलेलं नाही."

भूगोलाच्या बाईंना खोटं पकडलं जाण्याची सवय नव्हती.

"हा उठूच देत नाही हो मला!" आईने गणोबाकडे बोट दाखवलं. "हात टेकून उठायला गेले की खुर्ची खाली हजर. पाणी, पुस्तक, चष्मा, सगळं हातात. आधी चिडले मी. मग... बरं वाटायला लागलं. दुखत नव्हतं ना." शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोलली.

"काय रे गणोबा?" डॉक्टर म्हणाल्या. "चालवायचं असं मी तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," गणोबा म्हणाला. "चाला असं सांगणाऱ्या तुम्ही एकट्या. उठू नका असं सांगणारे सगळे. शेजारच्या पाटोळेकाकूंनी सांगितलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं. दूधवाल्यांनी दारातून सांगितलं. घरी आलेल्या प्रत्येक माणसाने वृंदाताईंना पाहिल्याबरोबर तेच सांगितलं. ही घराची रीत आहे असं मी शिकलो."

कस्तुरी आ वासून बघत राहिली. खरंच की! कुणीही आलं की आई उठायला जायची, आणि पाहुणा दोन्ही हात पुढे करून म्हणायचा, "असू दे, असू दे, उठू नका!"

"अरे, ते म्हणायचं असतं!" डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणायचं असतं, पण करायचं नसतं?" गणोबाने विचारलं. "मग 'जेवूनच जा' हेसुद्धा?"

"ते माणूस बघून," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

कस्तुरी मात्र हसली नाही. "मीपण सांगितलं होतं त्याला. आईला पडू देऊ नकोस म्हणून."

"बसलेला माणूस पडत नाही," गणोबा समाधानाने म्हणाला.

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर पुन्हा ती गुहा दाखवली. आता खांबांच्या आत खोल रुतलेल्या, कोळ्यासारखे पाय पसरलेल्या पेशी दिसत होत्या.

"या अस्थिपेशी (हाडातच मुक्काम ठोकलेल्या राखणदार पेशी). आपण पाऊल टाकतो तेव्हा हाड अगदी केसाएवढं वाकतं. त्याच्या बारीक नळ्यांमधलं पाणी हलतं आणि ते या पेशींना जाणवतं. मग त्या निरोप धाडतात, इथे भार येतोय, इथे बांधा. भार आलाच नाही तर त्यांना वाटतं, या हाडाची गरज नाही. अंतराळात महिनोन् महिने तरंगणाऱ्यांची हाडं म्हणूनच विरळ होतात."

"म्हणजे आम्ही आईला घरातच अंतराळात पाठवलं," कस्तुरी म्हणाली.

"लाडवांसकट," डॉक्टर म्हणाल्या. "आता ऐक गणोबा. किती भार टाकायचा ते मी सांगेन, तेवढाच. कमी नाही आणि जास्तही नाही. जवळ उभं राहायचं, हात तयार ठेवायचे, पण तोल गेल्याशिवाय धरायचं नाही."

पुढचे आठवडे सोपे नव्हते. आई वॉकर धरून उभी राहायची आणि ओठ दाबायची. एकदा तर ती रडली, आणि "नको मला हे" म्हणत वॉकर ढकलून दिला. गणोबाला काही उमजेना. ज्या गोष्टीने माणसाला दुखतं ती मदत कशी, असं त्याने कस्तुरीला विचारलं. कस्तुरीने त्याला गुहेतल्या राखणदारांची गोष्ट सांगितली. आईने आतून ती ऐकली. थोड्या वेळाने वॉकर पुन्हा सरळ उभा राहिल्याचा आवाज आला.

सांगितलेल्या दिवशी पुन्हा तपासणी झाली. डॉ. मुजावर बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या.

"हा ढगासारखा भाग दिसतो का, मोडलेल्या जागेभोवती?" त्या म्हणाल्या. "नवं हाड. शस्त्रक्रिया नको."

आईने डोळे मिटून घेतले. "आणि ती गोळी?" तिने विचारलं.

"अजून काही वर्षं. चालणं मात्र जन्मभर. जमेल?"

"जमवू," आई म्हणाली.

आता वॉकर गेला होता, हातात काठी होती. दवाखान्याच्या दारात पायऱ्या होत्या. आईने एका हाताने कठडा धरला. कस्तुरीचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते मागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले. एवढं अवघड काम तिने आजवर केलं नव्हतं. आई एक पायरी उतरली. थांबली. दुसरी उतरली. गणोबा बाजूने हात तयार ठेवून चालला होता.

खाली पोचल्यावर आईने मागे पाहिलंच नाही. काठी टेकत ती सरळ फाटकाकडे निघाली, हळू, पण न थांबता. कस्तुरी पायरीवर तशीच उभी होती. वर्षभर तीच पुढे चालायची आणि वळून आईसाठी थांबायची.

"कस्तुरे, चल की!" फाटकापासून आईने हाक मारली. "मागे काय राहिलीस?"

आणि कस्तुरी आईला गाठायला धावत सुटली.