हेलवर्थच्या गढीतलं रडणं

ही गोष्ट खरी आहे. हसायचं तर हसा, पण तिच्यामागे बारा जणांची शपथ आहे. त्यांतले एक, सर वॉरिन, माझ्या आजोबांचे आजोबा.

राजा हेन्रीचा काळ. नोव्हेंबरातला सेंट मार्टिनचा सण नुकताच उलटला होता. वेल्सच्या सीमेवरच्या हेलवर्थच्या गढीत, ऐन तिन्हीसांजेला, बॅरन रॅनुल्फची बायको मेबिल बाळंतपणात गेली.

बाळही गेलं.

गढी, शेतं, गिरणी, सगळं मेबिलच्या माहेरचं होतं. आता ते तिच्या भावाकडे, ड्रोगोकडे परत जाणार होतं. रॅनुल्फला एकच वाट उरली होती. मूल जिवंत जन्मलं, चार भिंतींच्या आत रडलं आणि ते रडणं पुरुषांनी ऐकलं, तर नवऱ्याला मरेपर्यंत सगळं राखता येतं. या कामी बायकांची साक्ष चालत नाही.

म्हातारी सुईण गॉडिथ त्याला म्हणाली, "रडलं हो धनी. एकदाच, पण रडलं. मी लगेच डोक्यावर पाणी घातलं, देवाचं नाव घेतलं, बाप्तिस्मा दिला."

आणि पुरुषांनी काय ऐकलं?

घंटा.

अडलेली बाई सुटावी म्हणून आमच्याकडे घंटा वाजवतात. त्या संध्याकाळी दोर रॅनुल्फनंच ओढला होता, तळहात सोलून निघेपर्यंत. अंगणातल्या कुणालाच दुसरं काही ऐकू आलं नाही.

त्यालाही नाही.

ड्रोगो दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

"काय दाजी, सामान बांधलंत का? की माझी माणसं लावू मदतीला?"

"तुझी बहीण अजून मातीआड व्हायचीय, ड्रोगो."

"तिला पुरू की थाटात. पण ते पोर तिच्याजवळ नाही. मेलेलंच जन्मलं, बाप्तिस्मा नाही. त्याचा खड्डा कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर."

जमीन गेली असती तरी रॅनुल्फनं सोसलं असतं. पण पोर एकटं, आईपासून तोडलेलं, कोल्ह्यांच्या वाटेवर...

ते रडलं होतं, एवढं ठरलं की पुरे होतं. रडलं म्हणजे जगलं, आणि जगलं म्हणजे गॉडिथनं घातलेलं पाणी खरं. मग ते आईच्या कुशीत निजलं असतं.

त्या संध्याकाळी अंगणात असलेले शेजारपाजारचे बारा सरदार पंच म्हणून जमले. भर दुपारी सगळे त्या बाळंतिणीच्या खोलीत उभे राहिले. गॉडिथही कोपऱ्यात होती. पलंग रिकामा. पाळणा रिकामा. आई आणि बाळ दोघंही खाली प्रार्थनाघरात होती.

"तुमच्यापैकी कुणी ऐकलं?" ड्रोगोनं विचारलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

रॅनुल्फ गुडघ्यांवर आला. बॅरन माणूस, पण त्यानं एकेकाचा अंगरखा धरला. "अरे, रडलं होतं ते! माझ्या घंटेनं ऐकू दिलं नाही रे तुम्हाला! पाया पडतो, त्याला आईपासून तोडू नका..."



आणि मग...

सर वॉरिन चिडून ओरडले, "अरे, बाळ रडतंय ना! कुणीतरी घ्या की त्याला!"

सगळे त्यांच्याकडे वळले. कारण वॉरिन ठार बहिरे होते. डोक्यावर गदेचा घाव बसल्यापासून त्यांना ढोलसुद्धा ऐकू येत नसे.

मग एकेकाचा चेहरा पांढरा पडत गेला. एकानं छातीवर क्रूस काढला. ड्रोगो भिंतीला टेकला आणि त्यानं दोन्ही कान दाबून धरले.

सगळ्यांना ऐकू येत होतं.

रॅनुल्फला मात्र... काहीच नाही.

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. "बॅरन, तुम्हीही ऐकताय ना?" कुणीतरी विचारलं.

त्यानं मान डोलावली. खोटीच.

पंचांनी तिथल्या तिथे मूल रडल्याची शपथ घेतली आणि जिना उतरून पळाले. ड्रोगो सगळ्यांत पुढे. बाळाला आईच्या कुशीत जागा मिळाली.

खोलीत रॅनुल्फ आणि गॉडिथ, दोघंच उरली.

"थांबलं का गं, गॉडिथ?"

"नाही, धनी. अजून चालूच आहे. धनी, मी खोटं बोलले. ते रडलं नव्हतं हो. निळं पडूनच बाहेर आलं. तुमच्याकडे बघवेना, म्हणून..."

"मग हे कोण रडतंय?"

गॉडिथ दोन पावलं मागे सरली.

"कुठून येतोय आवाज?"

"तुमच्या पायाशी आहे ते, धनी."

रॅनुल्फ खाली वाकला. कुणाचंही असो. ते रडत होतं, आणि या घरात बाप म्हणून तोच होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"इथे?"

"थोडं डावीकडे... हां. डोक्याखाली हात धरा."

त्यानं उचललं. हातात काहीच नव्हतं. वजन नाही, ऊब नाही.

"आता?"

गॉडिथ कान देऊन ऐकत राहिली.

"गप्प झालं."

त्यानं हात खाली घेतले, तशी गॉडिथ किंचाळली, "पुन्हा रडतंय!" त्यानं पुन्हा उचललं.

रॅनुल्फ त्यानंतर पुष्कळ जगला. त्यानं पुन्हा तलवार धरली नाही, घोड्यावर बसला नाही. घास दुसऱ्यानं भरवायचा. हात मोकळे नसत.

सर वॉरिनना त्या दुपारनंतर पुन्हा कधीच काही ऐकू आलं नाही. शपथ खोटी नव्हती, असं ते शेवटपर्यंत म्हणत.

"मूल रडलं का, एवढंच आम्हाला विचारलं. रडलं होतं. कुणाचं, ते विचारलं नाही."

हेलवर्थची ती खोली अजून आहे. माझं तिकडे जाणं होतं. वरच्या मजल्यावर मी जात नाही.