फळीआडचं घोषवाक्य

“घाई नको, गार होऊ दे!”

“अरे, जोरात! घशात काय बिस्कीट अडकलंय?” जाहिरातवाले साहेब खेकसले.

भोपळ्याच्या घशात खरोखरच बिस्कीट अडकलं होतं! त्याने ते कसंबसं गिळलं आणि तोंड वाकडं केलं. “ताई, आजही मऊच!” तो शेजारी उभ्या असलेल्या चिमटीच्या कानाला लागला. चिमटीने त्याला गप्प राहायला कोपराने ढोसलं.

सुट्टी लागली होती आणि बिस्किटांच्या कारखान्यात सुवर्णमहोत्सवाची धामधूम होती. घोषवाक्य गायला कामगारांची मुलं धरून आणली होती. चिमटी, तिचा आत्येभाऊ भोपळा आणि शेजारचा रेडिओ, म्हणजे ज्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद होत नसे तो, तिघं पहिल्या रांगेत होते. प्रत्येक डब्यावर छापलेलं ते घोषवाक्य कुणाला ठाऊक नव्हतं? दोघं भांडायला लागले की तिसरा म्हणायचा, “घाई नको, गार होऊ दे!” मास्तर चिडले की मागच्या बाकावरून हळूच तेच. साहेबांनी प्रदर्शनात सोनेरी अक्षरांत लिहून ठेवलं होतं की दुकानात दोन गिऱ्हाइकं शेवटच्या डब्यासाठी हमरीतुमरीवर आली, तेव्हा थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या धाकट्या मालकांच्या आजोबांनी, हे शब्द उच्चारले.

पण चिमटीला त्या गोष्टीत काडीचाही रस नव्हता. तिचे बाबा त्याच कारखान्यात भट्टीवाले मिस्त्री होते. गेल्या काही दिवसांपासून डब्यातली बिस्किटं मऊ निघत होती, दुकानदार डबे परत पाठवत होते आणि खापर फुटलं होतं बाबांच्या डोक्यावर. महोत्सव झाला की भट्टीवर दुसरा माणूस येणार होता.

तिघं घरी आले तेव्हा बाबा डबा पुढ्यात घेऊन बसले होते. एरवी ते कानाशी बिस्कीट मोडत आणि नुसत्या आवाजावरून पास की नापास सांगत. आता ते एकामागून एक बिस्कीट मोडत होते, पण आवाज म्हणून येत नव्हता.

“पीठ तेच, आच तीच,” ते पुटपुटले. “माझा हातच गेला, दुसरं काय!”

“असं नका ना म्हणू, बाबा,” चिमटी म्हणाली. तिला बाबांकडे बघवत नव्हतं आणि उठून जाववतही नव्हतं.

“मामा,” भोपळा मध्येच म्हणाला, “तुम्ही परवा रुमालात बांधून आणलेली बिस्किटं कसली कुरकुरीत होती! ती वेगळी होती का?”

“नाही रे. याच घाण्यातली. भट्टीच्या तोंडावरून उचललेली.”

“म्हणजे भट्टीतून चांगली निघतात!” रेडिओ उडालाच. “डब्यात गेली की बिघडतात! काका, चोर डब्यात आहे!”

चिमटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी बाबांचा जेवणाचा डबा द्यायला ती स्वतः गेली आणि येताना एकाच घाण्यातली थोडी बिस्किटं मागून घेतली. निम्मी तिथल्या तिथे, गरमागरम असतानाच एका डब्यात घालून झाकण गच्च लावलं. निम्मी घरी ताटात पसरून ठेवली आणि पार गार झाल्यावर बरणीत भरली. सकाळी डब्याचं झाकण काढलं, तर भाताच्या झाकणाला धरतात तसे आतून थेंबच थेंब! डब्यातली बिस्किटं मेणासारखी मऊ आणि बरणीतली खडखडीत!

“बाबा, पॅकिंगवाले गरमच भरतायत!”

“छे गं! बिस्किटं वाहून नेणारा पट्टा पॅकिंगच्या अख्ख्या दालनाला वळसा घालून टेबलापाशी येतो. तोवर बिस्किटं गार होतातच. मी विचारलं होतं पॅकिंगच्या मुकादमांना. म्हणाले, आमच्याकडे काही बदललेलं नाही. भट्टीच्या भिंतीपलीकडे मला कोण जाऊ देतंय? म्हणतात, तुम्ही तुमची भट्टी सांभाळा.”

भिंतीपलीकडे जायला मुलांना मात्र कुणाची ना नव्हती! तालमीच्या मधल्या सुट्टीत तिघं पॅकिंगच्या दालनात प्रदर्शनासाठी उभारलेल्या प्लायवूडच्या भिंतीआड शिरले. भोपळा फटीत अडकला, तेव्हा रेडिओने त्याला मागून ढकललं.

“पोट आत घे!”

“आत घ्यायला जागा आहे का?”

आतलं दृश्य बघून मात्र तिघंही जागच्या जागी थबकले. भट्टीकडच्या भोकातून आलेला पट्टा हातभर पुढे येऊन थेट पॅकिंगच्या टेबलाशी संपत होता. बाकीचा पट्टा गायब! भिंतीला त्याच्या आधाराची भोकं तेवढी उरली होती. चिमटीने नुकत्याच भरलेल्या डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

“तायडे, वर बघ!” रेडिओ कुजबुजला. रेडिओ कुजबुजला म्हणजे प्रकरण गंभीरच!

जुन्या भिंतीवर, पट्टा जिथून जायचा बरोबर तिथे, रंग उडालेली मोठी अक्षरं होती. ‘घाई नको, गार होऊ दे!’ शेजारी एक बाण पार कोपऱ्यापर्यंत गेला होता आणि खाली पहिल्यावहिल्या डब्याचं चित्र होतं. त्या डब्यावर घोषवाक्य नव्हतंच!

“म्हणजे ही जाहिरात नव्हती,” चिमटी सावकाश म्हणाली. “ही ताकीद होती! पॅकिंगवाल्यांना! भिंतीवरून डब्यावर गेली ती नंतर. आणि यांनी त्याच वाक्याचं प्रदर्शन मांडायला पट्टा कापला?”

ती धावत मुकादमांकडे गेली. ते म्हणाले, “पट्टा जागा अडवत होता. पोरांनी नाक खुपसू नये!” जाहिरातवाले साहेब म्हणाले, “गोष्टी नंतर. आधी ओळीत उभी राहा.” धाकटे मालक गाडीत बसत होते. तिने काचेवर टकटक केली, ते हसून हात हलवत निघून गेले. चिमटी तिथेच फाटकापाशी मटकन बसली. तिला रडूच फुटलं. सगळं कळूनही काहीच करता येऊ नये? त्यापेक्षा कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं.

“ताई, उद्या रंगीत तालीम,” भोपळा तिच्याजवळ बसत म्हणाला. “मालक माईकपुढे बिस्कीट मोडतात ना? शेजारी बिस्किटांची ताटली असते, तिची राखण माझ्याकडे दिलीय. मी खाऊ नये म्हणून साहेबांनी मलाच तिथे उभं केलंय!”

चिमटीने डोळे पुसले. “बरणी आण.”

रंगीत तालमीला सगळा कारखाना जमला होता. बाबा अगदी मागे, दाराशी उभे होते. जुन्या रिवाजाप्रमाणे धाकट्या मालकांनी नवा डबा फोडला, बिस्कीट माईकपुढे धरलं आणि मोडलं.

काहीच ऐकू आलं नाही. बिस्कीट नुसतं वाकलं.

कुणीतरी खोकलं. मालकांनी दुसरं मोडलं. तेही वाकलं! बाबांची मान खाली गेली. त्याच क्षणी भोपळ्याने बरणीतल्या बिस्किटांची ताटली पुढे केली. “साहेब, यातलं घ्या!”

कट्!

कर्ण्यातून आवाज असा घुमला की दाराशी बाबांनी झटकन मान वर केली.

“हे कुठलं?” मालक चकित झाले.

“त्याच भट्टीतलं, माझ्या बाबांच्या हातचं!” चिमटी ओळ सोडून पुढे आली. “फक्त गार होऊ दिलेलं. तुमचंच वाक्य आहे, साहेब. आम्ही रोज गातो, पण ऐकत कुणीच नाही!”

“अगं ए, ओळीत—” जाहिरातवाले साहेब धावले. तेवढ्यात रेडिओने प्लायवूडची सैल फळी बाजूला ओढली.

मालकांनी पुढे होऊन भिंतीवरची अक्षरं वाचली. तोकडा पट्टा त्यांनी पाहिला, भोकं पाहिली. “हे आजोबांचं अक्षर आहे,” ते म्हणाले. मग मागे वळून म्हणाले, “मिस्त्री, भट्टी तुमचीच. माझं चुकलं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “शाब्बास! पोरं हुशार आहेत हो!” म्हणत मुकादमांनीही पाठ थोपटली. सोनेरी अक्षरांतली भांडखोर गिऱ्हाइकांची गोष्ट मात्र तशीच राहिली. पाहुणे उद्याच यायचे होते, आता कुठे बदलणार, असं साहेब म्हणाले. बक्षीस म्हणून तिघांना एकेक डबा मिळाला. भोपळ्याने तो तिथल्या तिथे उघडला.

“मऊ!” तो ओरडला आणि हसता हसता तिघांची पुरेवाट झाली.

पाहुणे परतले, प्रदर्शन हललं आणि पट्टा पुन्हा जोडला गेला. त्या दिवशी बाबांनी अर्ध्या वाटेवरच पट्ट्यावरून पहिलं बिस्कीट उचललं खरं, पण मोडेनात.

“तूच मोड,” ते म्हणाले आणि तिच्यापुढे वाकून त्यांनी कान दिला.

चिमटीने बिस्कीट त्यांच्या कानाशी नेलं, पण लगेच मागे घेतलं. ते अजून कोमट होतं.

दोघंही भिंतीला टेकून वाट बघत उभे राहिले.