नऊ मिनिटांनी चुकलेला गुरू

"हे गणित ज्यानं लिहिलंय ना, त्यानं जन्मात कधी मान वर करून आकाश पाहिलं नसेल."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. बोलणाऱ्याला मात्र ते ठाऊक नव्हतं.

अदिस अबाबामध्ये पाऊस संपत आला की जाता जाता चार सरी टाकून जातो. त्यातलीच एक चुकवायला मी एमामा वर्कनेश या आजीबाईंच्या कॉफीच्या टपरीत शिरले होते. शेजारच्या बुटक्या स्टुलावर हा बसलेला, मांडीवर लॅपटॉप, आणि त्यावर चक्क आमचं सॉफ्टवेअर. आकाश दाखवणारं, फुकट, जगभरातल्या पाच-पन्नास हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं. त्यातले ग्रह माझे. कुठला ग्रह कधी कुठे दिसेल, ती सगळी आकडेमोड माझी.

"ज्यानं… की जिनं?" मी विचारलं.

"कोणी का असेना. माझं तर वाटोळंच केलं."

त्याचं नाव सुराफेल. शाळेत विज्ञान शिकवायचा. पावसाळ्याआधी एका संध्याकाळी चंद्र गुरूला झाकणार होता. यानं दोनशे पोरं मैदानात जमवली, शाळेची एकुलती एक दुर्बीण मांडली. सॉफ्टवेअरनं सांगितलेल्या वेळेला अजून नऊ मिनिटं बाकी होती. हा भिंग पुसत होता, आणि गुरू चंद्राआड गेलासुद्धा! तेव्हापासून पोरं त्याला 'नऊ मिनिटं सर' म्हणायची. दोन महिन्यांनी शनीची पाळी होती, आणि मुख्याध्यापकांनी बजावलं होतं की या वेळी चुकलं तर दुर्बीण कायमची कपाटात.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं मी. पण तो चिडला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची… आणि मला ती अजून थोडी बघायची होती. मी दुसरा कप मागवला.

मग दर शनिवारी कॉफी ठरूनच गेली. मी साळसूदपणे विचारायची आणि तो तावातावाने सांगायचा. एकदा त्यानं त्या गणिताला आळशीपणा म्हटलं, तेव्हा मात्र माझी सटकली.

"आळस कसला? ग्रहांचा अचूक तक्ता हजारो वर्षांचा असतो. केवढा जड! खेड्यातल्या पोराच्या फोनवर उतरायला अर्धा दिवस घेईल. त्यापेक्षा चार ओळींचं सूत्र बरं की."

"तुम्हाला बरीच माहिती आहे," तो माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला.

"वाचलं होतं… कुठेतरी."

"पण हजारो वर्षं हवीत कुणाला? आपल्या वाटणीची तेवढी कापून घ्यायची."

मी कप तोंडाशी नेता नेता थांबले. एवढं साधं! सूत्रावर माझा इतका जीव होता की तक्ता कापता येतो, हे मला सुचलंच नव्हतं. आठवडाभर मी तेच करत बसले. तुकडा कापला, जोडला, आणि आधी त्या जुन्या संध्याकाळचा गुरू काढून पाहिला. गुरू बरोबर नऊ मिनिटं आधी चंद्राआड गेला. सुराफेल खरा होता आणि मी चुकले होते. आता गप्प राहणं म्हणजे फसवणं होतं. पण सांगितलं आणि तो उठून गेला तर?

शेवटी धीर करून निरोप पाठवला, "शनिवारी तीनला ये. एक खरं सांगायचंय." पाठवल्यावर लक्षात आलं, 'या' लिहायचं होतं, 'ये' लिहिलं गेलं.

शनिवारी ऐन दुपारी तीनला मी पोचले. तो कोपऱ्यात बसून एमामाचे कप विसळत होता.

"आलीस एकदाची," एमामा फणकारली. "सकाळपासून बसलाय बिचारा. माझी सगळी भांडी घासून झाली त्याची."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे सूर्य उगवतानाच बारा वाजतात, आणि तास तिथून मोजतात. तीन म्हणजे सकाळचे, बाकी जगाचे नऊ. दिवसभर जगाच्या घड्याळात डोकं घालून बसणारी मी, त्याला जगाचे तीन सांगून बसले होते! तो आपल्या तीनला आला होता.

एमामानं त्याच्यापुढे इंजेराचं, म्हणजे आमच्या आंबूस धिरड्याचं, ताट सरकवलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "ते गणित… मी लिहिलंय. नऊ मिनिटं माझी आहेत."

त्यानं ताट जवळ ओढलं. सावकाश एक घास केला आणि माझ्यासमोर धरला. मी खाल्ला. तो थांबला. आणि आमच्याकडे तर म्हणतात, एकच घास भरवला तर वैर होतं, तीन भरवले तर जीव जुळतो.

"आता किती चुकतं?" त्यानं विचारलं.

"सेकंद… फार तर दोन."

"हं."

मला राहवेना. "नऊ मिनिटांसाठी महिनाभर बोललास. आज सहा तास बसलास, त्याचं काहीच नाही?"

"गुरू निघून गेला होता," तो म्हणाला. "तू यायची होतीस."

मग दुसरा घास आला, त्यामागून तिसरा. एमामानं तोंड फिरवून उगाचच निखारे फुंकले. माझे डोळे भरून आले, आणि त्यात धुराचा काही संबंध नव्हता.

पुढच्या महिन्यात, संध्याकाळी आमच्या घड्याळात एकवर चार मिनिटांनी, शनी ठरल्या वेळी चंद्राआड गेला. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. माझं गुपित कुणी फोडलं देवाला ठाऊक, पण त्यांनी मला तिथल्या तिथे 'नऊ मिनिटं बाई' करून टाकलं. त्या गलक्यात सुराफेलनं माझ्या शालीचं टोक धरून हळूच विचारलं, "किती वर्षांचा तुकडा कापलास?"

"साठ."

"कमी पडतील…"

त्याच आठवड्यात मी शंभर केली. फाईल थोडी जड झाली. दूरदेशीच्या एका सहकाऱ्यानं कारण विचारलं, तेव्हा मी लिहून पाठवलं: वापरणाऱ्याची मागणी.