यादीत नसलेलं घर

चर्चमधली रविवारची उपासना सुरू व्हायला पाच मिनिटं होती. दारात अवजारांची पिशवी घेऊन एक उंच तरुण उभा राहिला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "माफ करा... इथे जेवायला कुठे मिळेल? सगळंच बंद आहे."

"दीड तास बसा," दाराशी वही घेऊन बसलेली ती म्हणाली. "मग घरचंच मिळेल."

तो बसला. गाणीही म्हटली, बेसूर पण मनापासून.

रविवारी चर्चच्या दारात आलेला माणूस, आपल्या विश्वासातला असो वा परका, उपाशी जायचा नाही, ही त्या मंडळीची जुनी रीत. कोण कुणाकडे जेवणार याची यादी ती ठेवायची. शाळेत ती बाई असली तरी इथे लहानथोर तिला यादीताईच म्हणत. तो हॉस्पिटलात लिफ्ट बसवायला आला होता, आठ आठवड्यांसाठी. मग दर रविवारी येऊ लागला.

"आज मी कुणाकडे, यादी?"

"यादीताई म्हणतात मला."

"म्हणोत की. ताई म्हणणं माझ्या जिवावर येतं."

ती वहीत डोकं खुपसायची... कान मात्र लाल व्हायचे.

सात रविवार झाले. पाळकांकडे, ऑर्गन वाजवणाऱ्या काकूंकडे, दातांच्या डॉक्टरांकडे, सगळीकडे तो जेवला. फक्त तिच्या घरी नाही.

"आपल्या घराला वाळीत टाकलंय का गं?" आई वैतागली. "मी काय वाईट स्वयंपाक करते?"

आईला काय सांगणार? वही सोपवताना पाळक म्हणाले होते, पाहुण्याला वाढताना मनात आपला मतलब नको. आणि तिच्या मनात तर नुसता मतलबच भरला होता. त्याला या मनानं घरी बोलवणं तिला लबाडी वाटायची.

आठव्या रविवारी ती पुन्हा डॉक्टरांचं नाव लिहीत होती, तेवढ्यात तो समोर आला.

"आज शेवटचा रविवार. तुमच्याकडे बसवण्याइतका बरा नाही का मी?"

"तसं नाही हो..." पेन थांबलं. "तुम्हाला बोलवण्यात माझा स्वार्थ आहे."

"कसला?"

"तुम्ही परत यावं— दर रविवारी. आणि मधल्या सहा दिवसांतही."

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "लिफ्टच्या देखभालीला एक माणूस इथेच ठेवणार आहेत. उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचंय. मी तुमच्या बोलावण्यासाठी थांबलो होतो. सात घरी पोटभर जेवलो, पण लक्ष सगळं तुमच्याकडे."

तिनं यादीतलं त्याचं नाव खोडलं.

"म्हणजे आज उपाशी?"

"चला," ती म्हणाली.

घरी आई लगबगीनं पाहुण्यांची ठेवणीतली ताटं काढायला धावली.

"राहू दे, आई. हे पाहुणे नाहीत." मग ती त्याच्याकडे वळली. "रोजची ताटं त्या फडताळात आहेत. आपापलं घ्यायचं."

त्यानं तीन ताटं काढली, पुसली, नीट मांडली. आईनं त्याच्याकडे बघितलं, मग लेकीच्या लाल कानांकडे, आणि शांतपणे खाली बसली.

"मीठ कुठे असतं तेही दाखव त्यांना," आई म्हणाली. "रोज कोण उठून देणार?"